आषाढातलं पांढरं

रत्नदीपच्या नोकरीला वस्तीत नाव नव्हतं. ठाण्याच्या एका सरकता जिना असलेल्या कपड्यांच्या दुकानात तो कामाला होता आणि त्याच्या गळ्यातल्या कार्डावर ‘व्हिज्युअल मर्चंडायझिंग’ असं लिहिलेलं होतं. आईनं ते एकदा वाचायला घेतलं आणि अर्ध्यातच सोडून दिलं. कोणी विचारलं की ती सांगायची, "पुतळ्यांना कपडे घालतो." विचारणारा आधी मान डोलवायचा. मग म्हणायचा, "पगार टाइमावर होतो ना?" होतो म्हटलं की विषय संपायचा.

आईचं वर्णन तसं अचूकच होतं. पण पुतळ्यांना कपडे घालणाऱ्याला दुकान आतून दिसतं, हे वस्तीला हळूहळू कळलं. मग मंगळवारी, म्हणजे रत्नदीपच्या सुट्टीच्या दिवशी, विहारासमोरच्या ओट्यावर त्याच्याकडे माणसं यायला लागली. दोन हजार सालानंतर कल्याण-ठाण्यात सेलचं पीक फार आलं होतं आणि आसनगावहून रोज तिकडे जाणारी माणसं घरी काही ना काही पिशवी घेऊनच यायची.

रामाकाकांनी कल्याणला पुतळ्याच्या अंगावर बघून शर्ट आणला होता. पुतळ्याला तो जसा बसला होता तसा काकांना बसेना, आणि काका सगळा दोष स्वतःच्या पोटाला देत होते.

"पुतळ्याची पाठ बघितली होती का काका?" रत्नदीपनं विचारलं.

"पाठ कशाला बघू? मला काय सोयरीक करायचीय त्याच्याशी?"

"पाठीला चिमटे असतात. ढगळ शर्ट मागनं गोळा करायचा आणि चिमटे लावायचे. पुढनं बघणाऱ्याला वाटतं, काय फिटिंग आहे! तेच तर माझं काम."

काकांनी शर्टाकडे पाहिलं, मग पोटाकडे पाहिलं. इतके दिवस पोटाला उगाच बोल लावल्याचं त्यांना वाईट वाटलं असावं, कारण त्या दिवशी ते पोटभर जेवले.

वरच्या आळीचा गणू ‘एकावर एक फुकट’वाल्या दोन पँटी घेऊन आला होता.

"दुसरी फुकट नसते, गणूदा. दोन्हींचे पैसे पहिलीवरच चढवलेले असतात. तुला एकच हवी होती ना?"

"मला एकपण नको होती," गणू म्हणाला.

अशी ही शाळा. रत्नदीप सांगायचा की दरवाज्यापाशी जो ढीग असतो तो आम्ही मुद्दाम विस्कटतो, कारण ढिगातून उपसून काढलेली वस्तू माणसाला स्वतःची शिकार वाटते. खरोखर भाव उतरलेला माल मागच्या कोपऱ्यात, ट्यूबलाइट फडफडते तिथं असतो. दोन किमती लिहिलेल्या असल्या तर वरची वाचायचीच नाही. खालची वाचायची आणि स्वतःला विचारायचं, सेलची पाटी नसती तर एवढ्याला मी हे घेतलं असतं का? आणि मुख्य म्हणजे हंगाम. स्वेटर थंडीत घेणारा पैसे देतो आणि उन्हाळ्यात घेणारा स्वेटर घेतो. हे शेवटचं वाक्य त्याला फार आवडायचं. त्याचा नक्की अर्थ काय असं गणूनं विचारलं, तेव्हा त्यानं ते पुन्हा एकदा म्हणून दाखवलं.

एवढं ज्ञान असलेल्या रत्नदीपला स्वतःच्या घरात दरवर्षी काय चालतं याचा मात्र पत्ता नव्हता.

घरात शेवटचा शब्द सोनूबाई आत्याचा. रत्नदीपचे वडील लवकर गेले. त्यानंतर पोराला शाळेत सोडायला, मास्तरांशी भांडायला आणि पहिल्या पगाराचे पेढे वाटायला तीच पुढं होती. ठाण्याच्या साहेबाचं आपल्याबद्दल काय मत आहे याची रत्नदीपला फारशी फिकीर नव्हती. आत्याच्या मताची होती. तिनं नुसतं "बरं" म्हटलं तरी त्याचा आठवडा चांगला जायचा.

तर ही आत्या दर आषाढात, भाताची आवणी उरकली की, वस्तीतल्या बायांना घेऊन शहापूरच्या बाजारात काळूरामशेठच्या कापडदुकानात जायची. आषाढात बाकीची गिऱ्हाइकं नवा कपडा घेत नाहीत, अशुभ मानतात. छप्पन्न सालानंतर वस्तीनं दीक्षा घेतली तेव्हा शुभ-अशुभाचं गाठोडं बांधून बाहेर टाकलं, त्यात आषाढही गेला. दुकान रिकामं, शेठ माश्या मारत बसलेला, आणि ओल्या छत्र्या घेऊन या बाया पायरी चढायच्या.

त्यांना हव्या असायच्या पांढऱ्या साड्या. चौदा एप्रिल, बुद्धपौर्णिमा, विहारातली लग्नं, सगळीकडे पांढरंच लागतं. पण दुकानात पांढऱ्याचं नाव आधी काढायचं नाही, असा आत्याचा दंडक होता. आधी लाल बघायची. मग हिरवी. पदर अंगावर टाकून आरशात बघायचं, किंमत विचारायची आणि एक मोठा सुस्कारा सोडायचा. त्या बायांतल्या सकुबाईचा सुस्कारा सगळ्यांत चांगला. तो ऐकून शेठच्या पोटात तुटायचं. मग तो मागच्या फळीवरची पांढऱ्यांची थप्पी ओढायचा आणि म्हणायचा, "या बघा मावशी, जमत असल्या तर."

आत्या नाक मुरडायची. "पांढऱ्या? बघू. आता आलोच आहोत तर."

शेठचीही बाजू होती. साडीचा माल सेटमध्ये येतो, एका छापाचे सगळे रंग एकत्र बांधलेले. लाल-हिरवी हवी तर पांढरीही घ्यावीच लागते, आणि बाकीची गिऱ्हाइकं पांढरीला हात लावत नाहीत. तेव्हा तो पडेल भावात ती थप्पी बायांना देऊन टाकायचा. पडीक माल गळ्यात मारला म्हणून तो खूश. फसवून आणला म्हणून बाया खूश. दोन्ही बाजू एकमेकींची कीव करत हसतमुखानं निरोप घ्यायच्या. इतका सुखाचा व्यवहार त्या बाजारपेठेत दुसरा नव्हता.

आणि तो वस्तीतल्या पुरुषांना माहीत नव्हता. पुरुष बाजारात बोलतात, असं आत्याचं मत होतं.

एका मे महिन्यातल्या मंगळवारी आईसाठी ब्लाउजपीस आणायला रत्नदीप काळूरामशेठकडे गेला. शेठ त्याला हाफपँटीपासून ओळखत होता. एरवी "काय रे रत्न्या" म्हणणारा शेठ त्या दिवशी गादीवरून अर्धा उठला.

"या साहेब, बसा. ऐकलं मी, मोठ्या शोरूमला असता म्हणे. जरा आमच्या झोपडीवर पण नजर टाका."

ठाण्याच्या दुकानात रत्नदीपला ‘ए डिस्प्ले’ अशी हाक मारायचे. "ए डिस्प्ले, पुतळा डावीकडे घे." त्याचं मत तिथं आजवर कोणी विचारलं नव्हतं. इथं शेठनं शेजारच्या दुकानातून कोल्ड्रिंक मागवलं, नळी घालून त्याच्या हातात दिलं आणि मान तिरकी करून ऐकायला बसला. माणूस अशा वेळी किती बोलतो याला काही सुमार नसतो.

"हे काय मागं कोंबलंय?" रत्नदीपनं फळीकडे बोट दाखवलं.

"तो माझा भोग आहे, साहेब. पांढरा माल. आषाढात तुमच्याकडच्या बाया येतात बिचाऱ्या, त्यांना देऊन टाकतो. तेवढंच पुण्य."

रत्नदीप हसला. डॉक्टर लोक पेशंटनं स्वतःच ठरवलेल्या आजाराला हसतात तसा.

"शेठ, हा पडीक माल नाय. हा हंगामी माल आहे. आमच्यात पांढरं चैत्र-वैशाखात लागतं. चौदा एप्रिल, पौर्णिमा, वर लग्नं. आणि तुमी देताय कधी? आषाढात! म्हणजे उन्हाळ्यात स्वेटर वाटताय."

"मग काय करू?"

"आषाढात बांधून ठेवा. संपलंय म्हणून सांगा. चैत्रात काढा, पार पुढं, पुतळ्यावर. निळा काठ दिसला पाहिजे. आधी किंमत चढवा, मग तिच्यावर काट मारा आणि सेलची पाटी लावा. आणि घासाघीस बंद. एकच भाव. गिऱ्हाईक पायरी उतरलं तरी हाक मारायची नाय. पायरी उतरणं हे नाटक असतं."

शेठनं दुसरं कोल्ड्रिंक मागवलं.

पुढच्या आषाढात रत्नदीप मंगळवारी घरी होता, तेव्हा आत्या बाजारातून परत आली. छत्री ओटीवर उघडी ठेवली आणि रिकामी पिशवी घडी घालून खुंटीला अडकवली.

"पांढरं नाय म्हणाला," ती आईला सांगत होती. "या साली मालच आला नाय म्हणे. सकूनं दोनदा सुस्कारा टाकला. काय उपयोग नाय."

"पांढरं कशाला हवं होतं गो आत्या, आत्ता?" रत्नदीपनं विचारलं. विचारतानाच त्याला शेठची मागची फळी आठवली.

आत्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तू दुकानातला माणूस, म्हणून तुला सांगते. कुठं बोलू नको." आणि तिनं त्याला सगळं सांगितलं. लाल आधी बघायची ते, सुस्काऱ्याचं, नाक मुरडण्याचं. सांगताना तिला हसू आवरत नव्हतं. "काळूरामला वाटतं, आमी बिचाऱ्या!"

रत्नदीपही हसला. फार वेळ हसला. पुरेसं हसून झालं तरी थांबायची त्याची हिंमत होईना, कारण थांबल्यावर काय बोलायचं ते सुचत नव्हतं.

सांगून टाकावं असं त्याला त्या महिन्यात अनेकदा वाटलं. पण दर वेळी वाटायचं, शेठ विसरला असेल. असले सल्ले कोण पाळतं? ठाण्यात तर त्याचं कोणीच ऐकत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी आपलं ऐकू नये अशी त्याची इच्छा होती, आणि तोच माणूस नेमका गुणी निघाला.

माघात रत्नदीपची बहीण मनाली हिचं लग्न ठरलं. मुलगा अनिकेत, मुरबाडकडचा, सरळ. लग्न वैशाखात, वस्तीतल्या विहारापुढं. वधूची साडी मुलाकडचे आणणार होते. पण नवरीच्या मागं उभ्या राहणाऱ्या बायांना, आणि सगळ्यांच्या पुढं उभ्या राहणाऱ्या आत्याला, नवं पांढरं हवं होतं. आत्याची जुनी साडी चुलीतल्या ठिणगीनं डाव्या बाजूला जळली होती. रफू केलं होतं, पण रफू हे रफूसारखंच दिसतं.

चैत्र लागला आणि काळूरामशेठच्या दुकानावर कापडी फलक चढला. ‘शुभ्र महासेल! निम्मी किंमत!’ दारात दोन पुतळे, दोन्हींना पांढरी साडी, निळा काठ बरोबर डोळ्यांसमोर. शेठनं पुतळे कुठून मिळवले कोण जाणे. एकाचं नाक उडालेलं होतं. मुरबाडच्या बाजारातही तोच फलक लागल्याचं अनिकेतच्या घरून कळलं; तिथं शेठच्या मेव्हण्याचं दुकान होतं.

"चांगला सेल आहे म्हणतात," सकुबाई म्हणाली. "निम्मी किंमत."

"दोन सालांमागं याच्या निम्म्यात दोन येत होत्या," आत्या म्हणाली. "काहीतरी गोम आहे. रत्ना, मंगळवारी तू चल. तुला आतलं कळतं."

रत्नदीप सोमवारीच अर्धी सुट्टी टाकून शेठकडे धावला.

"शेठ, उद्या आमच्या बाया येतायत. भाव उतरवा."

"कसा उतरवू, साहेब? तुमीच सांगितलं, एकच भाव." शेठच्या आवाजात शिष्याची निष्ठा होती. "गठ्ठेच्या गठ्ठे पांढरे मागवलेत मी. बघा भिंत."

भिंत खरोखरच दवाखान्यासारखी पांढरी झाली होती. रत्नदीपनं बराच वेळ विनवलं. शेवटी त्यानं निदान एवढं तरी करा म्हणून हात जोडले. "मी हे सांगितलं, हे कळू देऊ नका. माझी ओळख दाखवू नका."

"शब्द, साहेब!" शेठनं छातीवर हात ठेवला. "उद्या मी तुमाला ओळखतच नाय."

शेठ शब्दाचा पक्का होता. दुसऱ्या दिवशी आत्या, सकुबाई, मनाली आणि वस्तीतल्या बाकीच्या बाया पायरी चढल्या. त्यांच्यामागून रत्नदीप चढला आणि त्याच्याकडे पाहून शेठ म्हणाला, "या मावशी, या. आणि हे पाहुणे कोण?"

"पाहुणे?" सकुबाई हसली. "अहो शेठ, हा रत्नदीप."

"कोण रत्नदीप?"

"आमच्या घरचा. रत्न्या!"

शेठनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "नाय बा. आज पहिल्यांदाच दर्शन. कुठं असतात हे? मुंबईला का? आवडलं का आमचं शहापूर?"

रत्नदीप छताच्या पंख्याकडे बघत होता. आत्यानं शेठकडे पाहिलं, मग रत्नदीपकडे पाहिलं आणि गादीवर बसली.

तिनं आधी लाल काढायला लावली. मग हिरवी. सकुबाईनं सुस्कारा सोडला. असा सुस्कारा तिनं आजवर सोडला नव्हता. शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून गेला. शेठ हलला नाही. त्यानं पांढऱ्या साडीची घडी पुढं सरकवली.

"सेल आहे मावशी. निम्मी किंमत."

"कशाच्या निम्मी?" आत्यानं विचारलं.

"ही काय, वर लिहिलेली. तिच्या निम्मी."

"वरची कोणी लिहिली?"

शेठचे डोळे आपसूक रत्नदीपकडे वळले, तिथून दचकून उठले आणि पंख्यावर जाऊन बसले. आता दोघंही पंखा बघत होते. पंखा बंद होता.

"बोल की रे," सकुबाईनं रत्नदीपला ढोसलं. "इतर वेळी ओट्यावर केवढं बोलतोस. वरची वाचायची नाय, खालची वाचायची. सांग त्याला."

रत्नदीपनं साडीचा काठ बोटांत धरला. पोत चांगला होता. "पोत चांगला आहे," तो म्हणाला.

"तू कोणाच्या बाजूनं आहेस?" सकुबाई म्हणाली.

आत्या उठली. "चला गो."

बाया पायरी उतरल्या. शेवटच्या पायरीवर आत्या थांबली आणि वाकून चपलेचा अंगठा नीट करायला लागली. चपलेला काही झालं नव्हतं. ही हाकेची जागा होती. दरवर्षी इथं मागून आवाज यायचा, "ऐका हो मावशी, या मागं, काहीतरी करू." आत्यानं अंगठा नीट केला, मग दुसऱ्या पायाचा केला. मागून हाक आली नाही. आतमध्ये शेठ ओठ घट्ट मिटून बसला होता, बिचाऱ्याला फार जड जात असावं. ती हाक कोणी बंद केली हे त्या पायरीवर एकालाच माहीत होतं, आणि त्याला त्या क्षणी पायरीखाली जावंसं वाटत होतं.

नाक्यावर उसाच्या रसाचं दुकान होतं. आत्यानं बायांना पुढं पाठवलं आणि रत्नदीपला थांबवलं.

"रत्ना."

"काय आत्या?"

"तुझी पहिली शाळेची चड्डी याच्याकडली. माझ्या कडेवर बसून आला होतास. मापाला रडलास, त्याच्या गादीवर मुतलास. तो तुला ओळखत नाय?"

"विसरला असंल."

"काळूराम? माझी शेळी व्याली तर विचारतो, पाट झाली का बोकड." आत्यानं पदरानं कपाळ पुसलं. "काय पाजलं त्यानं तुला?"

रत्नदीपनं रस्त्याकडे पाहिलं. एक टमटम भरून गेली. "कोल्ड्रिंक."

"एक?"

"दोन."

"थंड होतं?"

"होतं."

आत्यानं मान हलवली, जणू तेवढंच विचारायचं राहिलं होतं. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तो घाईघाईनं सांगायला लागला, की मला ठाऊक नव्हतं, तू मागनं सांगितलंस, मला वाटलं तो विसरेल. ती ऐकत होती.

"माझ्या दुकानातनं आणतो मी, आत्या. आमाला डिस्काउंट असतो."

"तुमच्यात साड्या ठेवतात?"

तो थांबला. "साड्या नाय ठेवत."

"बरं," आत्या म्हणाली. हे ते आठवडा चांगला घालवणारं ‘बरं’ नव्हतं.

"मग वरचे पैसे मी भरतो. सगळ्यांचे."

"तू भरलेस तर त्याचा सेल खरा होईल. मग दर साली हाच भाव. तू दर साली भरणार?" ती रसाच्या दुकानाकडे वळली. बाया ग्लास हातात घेऊन वाट बघत होत्या.

"काय ठरलं गो?" सकुबाईनं विचारलं.

आत्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "रत्नदीप म्हणतो, कोणी घेऊ नका. काळूरामनं भिंतभर पांढरं भरून ठेवलंय. पौर्णिमा सरली की बघणारं कोण? आषाढात आपणच. लग्नाला जुन्या नेसू. नीळ घाला, खळ करा, नव्यासारख्या दिसतील. त्याला आतलं कळतं म्हणून त्यानं सांगितलं."

रत्नदीपनं यातलं काहीच सांगितलं नव्हतं. त्यानं तोंड उघडलं. आत्यानं त्याला रसाचा ग्लास लावला.

वस्तीभर झालं ते. रत्नदीपनं बायांचे पैसे वाचवले. रत्नदीप होता म्हणून, नायतर आमी घेतल्याच असत्या. एका मंगळवारी ओट्यावर न राहवून त्यानं रामाकाकांना सांगितलं, "काका, तो सेल मीच लावायला सांगितला होता."

काका हसून हसून खोकले. "बघा, पोरगा किती साधा! चूक पण स्वतःच्या अंगावर घेतो."

गणू म्हणाला, "शिकलेला असून गर्व नाय."

त्यानंतर त्यानं खरं सांगायचं सोडून दिलं. खरं सांगितलं की त्याची किंमत आणखी चढायची.

लग्न चांगलं झालं. विहारापुढं मांडव, वंदना झाली, मनालीच्या गळ्यात हार पडला. बाया जुन्या साड्या कडक खळीत नेसून आल्या होत्या. उन्हात डोळे दिपत होते. अनिकेतकडची एक बाई म्हणालीसुद्धा, "तुमच्यात सगळ्यांनी नव्या घेतल्या वाटतं." सकुबाईनं "हो तर" म्हणून रत्नदीपकडे कौतुकानं पाहिलं. जेवणाला लाडू होते. ते त्यानं रामाकाकांच्या पानात वाढले.

पंधरवड्यानं अल्बम आला. आई एकेक पान उलटत होती आणि रत्नदीप शेजारी बसून बघत होता. आत्या जवळजवळ प्रत्येक फोटोत होती. हार घालताना, वधूवरांच्या मागं, मुरबाडच्या पाहुण्यांबरोबर. आणि प्रत्येक फोटोत ती उजवी बाजू पुढं करून, डावा हात अंगाशी घट्ट धरून, जरा तिरकी उभी होती. एका फोटोत सगळे जण हसत नवरीकडे वळले होते. वळली नव्हती ती एकटी आत्या.

"आत्या अशी का उभी गो?" आई म्हणाली. "मान अवघडली होती काय तिची?"

रत्नदीपनं अल्बम जवळ ओढला. असं उभं राहणं त्याला ओळखीचं होतं. चिमटे दिसू नयेत म्हणून तो पुतळ्यांना रोज असंच उभं करायचा. फरक इतकाच, की पुतळ्यांना दिवसभर तसं उभं राहायला काही वाटत नाही. आत्या त्या दिवशी सकाळपासून पाहुणे पांगेपर्यंत तशी उभी होती, आणि मधूनमधून लोकांना सांगत होती की आमच्या रत्नदीपला दुकानातलं फार कळतं.

आषाढ आला. आवणी उरकली. आत्या छत्री घेऊन ओटीवर आली आणि म्हणाली, "चल."

"मी कशाला आत्या?"

"चल म्हटलं ना."

काळूरामशेठच्या दुकानात माशी होती आणि शेठ होता. भिंत पांढरीच होती. बिननाकाचा पुतळा कोपऱ्यात तोंड फिरवून उभा केला होता. बायांना बघून शेठ गादीवरून पुरता उठला.

"या मावशी, या! पांढरं बघणार?"

"पांढरं?" आत्या गादीवर टेकली. "आषाढात? कशाला? लाल काढ."

शेठनं लाल काढली. मग हिरवी. मनाली माहेरी आली होती, तिनं पदर टाकून आरशात पाहिलं. सकुबाईनं सुस्कारा सोडला. आता दोन्ही बाजूंना हे नाटक ठाऊक होतं, पण शेठनं छातीला हात लावून पुरेसं वाईट वाटून घेतलं आणि थप्पी ओढली. आत्यानं नाक मुरडलं. भाव झाला. पायरी उतरून झाली, हाकसुद्धा आली. शेठनं ती इतक्या जोरात मारली की एवढ्या दिवसांची साठलेली सगळी तिच्यात निघाली असावी.

बाया घड्या निवडायला लागल्या. आत्यानं एक साडी पूर्ण उलगडली आणि तिची डावी बाजू हातानं आरपार चाचपून पाहिली. रत्नदीप दुसरीकडे बघायला लागला. दुसरीकडे पंखा होता.

तेवढ्यात शेठनं कोल्ड्रिंक मागवलं. नळी घालून त्याच्या हातात दिलं, जवळ सरकला आणि जुनी ओळख आठवल्यासारखा हळूच म्हणाला, "साहेब, तुमचं सगळं केलं, तरी फसलं. आता पुढच्या साली काय करू ते सांगा."

सकुबाईचा हात घडीवर थांबला. आत्यानं वर पाहिलंही नाही, साडी गुडघ्यावर दुमडत ती म्हणाली, "पी रे. पिताना बोलू नको, ठसका लागतो."

रत्नदीपनं नळी तोंडात धरली. कोल्ड्रिंक थंड होतं. लवकरच संपलं. शेठ मान तिरकी करून उत्तराची वाट बघत होता, आत्या सावकाश घडी घालत होती, आणि रत्नदीप रिकाम्या बाटलीतून नळी ओढत बसला होता.